बॉम्बेयानस

पौर्णिमेची ओहोटी होती म्हणून सकाळी सहा-साडेसहालाच कार्टर रोडच्या खडकांवर पोचले, पाणी एवढं आत गेलेलं की एरवी कधी न दिसणारे दगड उघडे पडलेले. बाजूला एक मावशी कालवं फोडत होत्या आणि मी एका डबक्यापाशी उकिडवी बसून स्पंज (दगडाला चिकटून राहणारा समुद्री प्राणी) बघत होते, तर त्या स्पंजवरच ती, समुद्री गोगलगाय! नखाएवढी, ठिपकेवाली, पुढे दोन शिंगं आणि मागे पिसासारख्या कल्ल्यांचा झुबका. माझी सावली पडली तसा झुबका आत गेला. मावशींना दाखवली तर म्हणाल्या, "त्याला हात नको लावू बाय, ते मासा पण खात नाय."

आता हे वाक्य म्हणजे या जिवांचं अख्खं रसायनशास्त्रच आहे खरंतर.

ही गोगलगायच, पण शंख नसलेली. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला इवलासा शंख असतो, तो ती नंतर टाकून देते. मग उघड्या अंगाने, तेही इतक्या भडक रंगात, माशांच्या डोळ्यांसमोर जगायचं कसं? तर विषावर. आणि बऱ्याच जणींचं विष स्वतःचं नसतंच, ते येतं स्पंजमधून. स्पंजला पळता येत नाही म्हणून तो अंगात विषारी रसायनं बाळगतो, आणि ही त्याला खाऊन तीच रसायनं स्वतःसाठी साठवते. क्रोमोडोरिस नावाच्या गटातल्या पाच जाती 2016 मध्ये तपासल्या होत्या, तर त्यांच्या पोटात बाकीची रसायनं होती पण अंगाच्या कडेला, जिथे मासा पहिला चावा घेणार तिथे, मुख्यतः एकच ठेवलेलं, लॅट्रन्क्युलिन ए. हे पेशीच्या आतला ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचा सांगाडाच उभा राहू देत नाही, म्हणून लॅबमध्ये पेशींवर काम करणारे लोकही ते वापरतात. मला यातली निवड सगळ्यात भारी वाटते, म्हणजे जेवणातून दहा गोष्टी आल्या तरी कडेला कुठली ठेवायची हे त्या शरीराला बरोबर कळतं!

सगळ्याच उसनं घेत नाहीत हां. डेंड्रोडोरिस नावाची गोगलगाय स्वतःच पॉलिगोडियल बनवते, आणि हे रसायन जमिनीवरच्या एका तिखट वनस्पतीतही आहे, मासा तोंडात घेतो आणि थुंकून टाकतो. आणि पावसाळ्यात जुहूला ज्या निळ्या, जेलीफिशसारख्या ब्लूबॉटल वाहून येतात ना, ज्यांच्यापासून लांब राहा म्हणून दरवर्षी सांगतात, त्यांना खाणारी ग्लॉकस नावाची निळी गोगलगाय आहे, ती त्यांच्या डंखाच्या पेशी न फुटता गिळते आणि आपल्या बोटांसारख्या टोकांत साठवते. ही तर कुठे दिसली तरी हात लावूच नका.

रंग म्हणजे माशासाठी पाटी, "मी वाईट लागते". या गोगलगायींना स्वतःला फक्त उजेड-अंधार कळतो, म्हणजे आपले रंग त्यांनी कधी बघितलेलेच नाहीत. पण पाटी एकदा माशांना पाठ झाली की आजूबाजूच्या दुसऱ्या जातीही तशीच पाटी लावून घेतात, आणि उलट एकाच जातीत दोन-तीन वेगळे नमुने पण निघतात. त्यामुळे नुसत्या फोटोवरून नाव ठरवणाऱ्यांची फसगत होते, माझीही झालीय, आणि म्हणूनच डीएनए बघणं इतकं महत्त्वाचं आहे. 2012 मध्ये क्रोमोडोरिसच्या या रंगीत कुटुंबाचा डीएनएवरून नवा वंशवृक्ष आला आणि जुनी घरंच मोडली, क्रोमोडोरिसमधल्या कितीतरी जाती गोनिओब्रँकस नावाच्या दुसऱ्या गटात गेल्या. काही लोक वैतागतात की नावं सारखी का बदलता, पण मला ते पटत नाही, नातं चुकीचं लागलं असेल तर ते सुधारायलाच पाहिजे.

हे सगळं आपल्याला लागू कसं, तर 1946 मध्ये विंकवर्थ नावाच्या अभ्यासकाने अशा एका जातीला आपल्या शहराचं नाव दिलं, ग्लॉसोडोरिस बॉम्बेयाना. मुंबईच्या खडकांवरच्या एका नखाएवढ्या जिवाच्या नावात मुंबई! मग ती क्रोमोडोरिस बॉम्बेयाना झाली आणि आता गोनिओब्रँकस बॉम्बेयानस, कारण लॅटिनच्या नियमाने गोनिओब्रँकस हे नाव पुल्लिंगी आहे, म्हणून पुढच्या शब्दाचा शेवटही बदलतो.

माझे फोटो एका जाणकार मैत्रिणीला पाठवले, दोन दिवसांनी तिचा मेसेज आला की कल्ले आणि कडा बघून तीच वाटतेय. भरती सुरू झाली तेव्हा मी उचललेला दगड होता तसा, त्याच बाजूने परत ठेवला होता, मावशींनीच सांगितलं होतं, उलटा ठेवलास तर खालचं सगळं मरतं. घरी येऊन वहीतलं जुनं पान काढलं, क्रोमोडोरिस खोडलं, गोनिओब्रँकस लिहिलं, पुढच्या शब्दाचा फक्त शेवट बदलला.