दुकानाचं नाव मी सांगत नाही

गेल्या आठवड्यात साताऱ्यात राजवाड्यावर भेळ खात उभा होतो, तिथेही एका पालकाने गाठलं. "सर, तुमचा तो कोळी ज्या दुकानदारामुळे मेला, त्याचं नाव का सांगत नाही? पोरगा मागे लागलाय, तसलाच मोठा केसाळ कोळी, टॅरंटुला, घ्या म्हणून. निदान त्या दुकानात तरी जाणार नाही आम्ही." हा प्रश्न मला कितीतरी वर्षं विचारला जातोय. शाळेत, लग्नात, एकदा तर मयतीला. दर वेळी मी "जाऊ द्या हो" म्हणतो आणि लोकांना वाटतं, सर घाबरतात. तसं नाही. म्हणजे, तेवढंच नाही.

एक तर नाव सांगून उपयोग नाही. साताऱ्यात, कोल्हापुरात, पुण्यात, जिथे जिथे मी टॅरंटुला विकायला ठेवलेला पाहिला तिथे थाट एकच. माशांची उभी टाकी, तळाला निळे-गुलाबी खडे, वर पिवळा बल्ब, कोपऱ्यात पाण्याची वाटी आणि वाटीत स्पंज. का, तर कोळी बुडेल! अहो, तो वाटीच्या काठाला तोंड लावून निवांत पाणी पितो. स्पंज मात्र चार दिवसांत कुजून घाण मारायला लागतो. उभी टाकी तर त्याहून वाईट. जमिनीवर राहणारा जड अंगाचा प्राणी, काचेवर चढला आणि फूटभरावरून खड्यांवर आदळला तर पोट फुटून मरू शकतो. त्याला उकरायला भुसभुशीत काहीतरी लागतं. कोकोपीटची वीट कुठल्याही नर्सरीत मिळते. पण दुकान मुळात माशांचं. मालक कोळ्याकडेही मासा म्हणूनच बघतो: टाकी, खडे, लाईट, रोज खाणं.

एकदा एका दुकानात करड्या रंगाचा, पायांवर नक्षी असलेला एक कोळी दिसला. खड्यांवर अंग चपटं करून काचेच्या कोपऱ्याला चिकटून बसला होता. दुकानदार म्हणाला, "फॉरेनचा आहे." मी म्हटलं, हा पोईसिलोथेरिया, आपल्या सह्याद्रीतला, झाडाच्या ढोलीत राहतो. याच्या अंगावर बचावासाठी झाडायचे, खाज आणणारे केस नसतात, म्हणून हा थेट चावतो, आणि चावला तर स्नायूंना वांब येतात. शिवाय ही सगळी जातच २०१९ पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राण्यांच्या व्यापारावर बंधन घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून त्या यादीतला प्राणी बाळगायचा तर सरकारदरबारी नोंद लागते. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग लोकल म्हणून कमी करू का थोडे?"

आता तुम्ही हसलात. मीही ही गोष्ट सांगताना हसवतोच. पण हे ज्ञान मी पाजळतो ते सगळं नंतरचं आहे.

२०१८च्या दिवाळीच्या सुट्टीत मी चिलीतला रोझ हेअर जातीचा टॅरंटुला घेतला, अडीच हजाराला. दुकानदाराने सांगितलं तसं सगळं केलं: खडे, बल्ब, स्पंज. महिनाभर झुरळं खाल्ली आणि डिसेंबरात खाणं सोडलं. झुरळ सोडलं की पुढचे पाय उचलून मागे सरायचा. पोटावर मागच्या बाजूला टक्कल होतं, कारण तिथले केस तो मागच्या पायांनी झाडतो आणि आपल्या हाताला लागले की खाजवून जीव जातो. ते टक्कल आधी कातडीच्या रंगाचं होतं, ते हळूहळू काळं आणि चकचकीत व्हायला लागलं. दुकानात फोन केला. "गारठलाय सर, बल्ब मोठा लावा." लावला. आठवड्याने पुन्हा फोन. "मग तापला असेल, पाणी फवारा." फवारलं.

भोगीची रात्र. दहा वाजून गेले होते, आई स्वयंपाकघरात तिळगूळ वळत बसली होती. मी टाकीपाशी गेलो तर कोळी उलटा. पाठ खाली, आठही पाय वर पसरलेले. खाली त्याने पांढऱ्या रेशमाची चटई विणली होती. मरणारा प्राणी स्वतःसाठी चटई विणेल का, हे मला आज सुचतं. तेव्हा चटई नजरेत भरली नाही, पायच दिसले. बाजूने पाहिलं तर पाठीवरचं कवच डब्याच्या झाकणासारखं किंचित सुटलं होतं. वाटलं, पडून फुटला.

दुकानदार जेवत होता. "उलटा पडलाय? मग गेला सर. नक्की गेला. तरी एकदा सरळ करून बघा, पाय हलवला तर जिवंत."

आई आतून म्हणाली, "राहू दे की रे सकाळपर्यंत. आत्ता त्याला हात लावून इकडे येऊ नकोस, तीळ उघडे आहेत." आईला कोळ्याची दया वगैरे अजिबात नव्हती. पण त्या रात्री त्या घरात शहाणं बोलणारं माणूस तेवढं एकच होतं.

मी चित्रकलेचा मास्तर. सहा नंबरचा चपटा ब्रश घेतला, त्याच्या अंगाखाली अलगद सरकवला आणि त्याला सरळ केलं. त्या अलगदपणाचा मला अभिमानही वाटला. पाय हलले. मी ओरडून सांगितलं, "आई, जिवंत आहे!"

तो कात टाकत होता. टॅरंटुला कात टाकताना पाठीवरच झोपतो. पाठीचं कवच सुटतं, आणि मग तो जुन्या कातडीतून आठही पाय, सुळे, पोटातल्या काही भागाचं अस्तरसुद्धा, मोजा काढावा तसं ओढून काढतो. कित्येक तास चालतं ते. अंग तेव्हा सायीसारखं मऊ असतं. आणि मेलेला टॅरंटुला सहसा असा पाय पसरून उलटा पडत नाहीच. त्याचे पाय अंगातल्या द्रवाच्या दाबाने सरळ होतात, दाब गेला की मूठ मिटावी तसे आत वळतात. माझ्या कोळ्याचे पाय पसरलेले होते. इतकं सोपं होतं ते.

संक्रांतीला सकाळी पाहिलं, तर पोटाची कात सुटली होती, पण डावीकडचे तीन पाय जुन्या कातडीतच अडकून वाकडे वाळले होते. आणखी सहा दिवस काढले त्याने.

त्याच सकाळी मी फोनवर चार शब्द टाइप केले आणि पहिल्याच चित्रात माझाच कोळी, पाठीवर, ठणठणीत. मग रात्री का नाही शोधलं? फोन हातातच होता, त्याच फोनवरून दुकानदाराला विचारलं ना? इथे माझं माझ्याशी अजून भांडण चालतं. तेव्हाचा मी म्हणतो, ज्याने विकलं त्याला नाही तर कुणाला विचारायचं? मिक्सर बिघडला की दुकानातच जातोस ना? आताचा मी म्हणतो, मिक्सरला वॉरंटी कार्ड असतं. आणि नोव्हेंबरात तू एक माहिती वाचायला घेतली होतीस, तिच्यात कातीचा सगळा भाग होता, इंग्रजी जड वाटलं म्हणून बंद केलीस. शाळेला रंग दिला तेव्हा माइकवरून "आपल्या शाळेने कात टाकली" असं कोण म्हणालं होतं? मीच. शब्द तोंडात होता, फक्त टाळ्या घेण्यापुरता. तेव्हाचा मी यावर गप्प बसत नाही. म्हणतो, माणूस "नक्की" म्हणाला होता. खरंय, म्हणाला होता.

आणखी एक. मी सगळीकडे "तो" म्हणत आलो. सुटलेली पोटाची कात कोमट पाण्यात भिजवून भिंगाखाली पाहिली की नर-मादी कळतं, हे पुढे शिकलो आणि जपून ठेवलेली कात बाहेर काढली. मादी होती. या जातीतला नर वयात आला की फार टिकत नाही, मादी मात्र वीस वर्षंसुद्धा जगते. मी रिटायर झाल्यावरही ती असती.

मेल्यावर तिला कंदी पेढ्यांच्या रिकाम्या बॉक्समध्ये घालून मी दुकानात गेलो, भांडायलाच. दुकानदाराला वाटलं पेढे. झाकण उघडून त्याने बराच वेळ बघितलं, माझ्याकडून कातीचं सगळं ऐकून घेतलं. "असं असतं होय? आम्हाला काय सर, मुंबईची पार्टी सांगते तेवढं आम्ही पुढे सांगतो." मग अर्ध्या किमतीत लव्हबर्डची जोडी द्यायला निघाला. मी आवाज चढवून म्हटलं, "तुमच्यामुळे गेला." ब्रश माझ्या हातात होता हे मात्र सांगितलं नाही. त्याने तो पाहिला नव्हता आणि मी दाखवला नाही.

म्हणून नाव सांगत नाही. नाव सांगितलं की गोष्ट त्याची होते. अर्थात हेही मला पूर्ण पटत नाही. माझ्या गप्प बसण्याने तो आणखी दहा जणांना बल्ब विकतो, हेही खरंच आहे.

त्या दुकानात मी अजून जातो, शाळेतल्या माशांचं खाणं तिथूनच येतं. वर्षभराने एकदा तो एका कॉलेजच्या पोराला बजावत होता, "उलटा पडला तर हात लावायचा नाही. कात टाकतोय तो. लाईट बंद करायची आणि झोपायचं." शब्द न् शब्द माझा. मला भरून आलं. तोवर त्याने पिशवीत स्पंज टाकला.

"अहो, तेवढा स्पंज काढा," मी म्हटलं.

"आणि बुडाला तर? पोरगं माझ्याच दारात येणार ना सर?"

मी काउंटरवरच उथळ वाटीत बोटभर पाणी ओतलं, टाकीतला कोळी तिथवर येऊ दिला. तो काठावर थांबला, वाकला, पाणी प्यायला. दुकानदार आणि ते पोरगं दोघंही डोळे फाडून बघत होते. पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा टाकीत उथळ वाटी होती, पाणी होतं, आणि पाण्यात स्पंज होता.