वाड्याच्या दाराची फळी आणि डॉलर ३०

आमचं सांगलीत छोटं वर्कशॉप आहे. वर्षभर नेमप्लेट, ट्रॉफी असली कामं आणि गणपतीच्या आधी दोन महिने नुसते मखर. २०१८ ला थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून ३ एमएम एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या पातळ फळीच्या) मखरांना चांगली मागणी असते. मशीन डायोड लेझरचं आहे, लाकूड कापायचं आणि त्यावर कोरायचं, २० वॅट, आत ते चालवणाऱ्या जीआरबीएल प्रोग्रॅमचं कंट्रोल बोर्ड आणि कॉम्प्युटरवर त्याला काम पाठवणारं लाइटबर्न सॉफ्टवेअर.

गेल्या वर्षी ऐन गणपतीच्या तोंडावर लाइट जाऊन येऊन बोर्ड उडालं. नवीन मागवलं, बसवलं, पहिला कट मारला तर एका तुकड्यापासून दुसऱ्या तुकड्यापर्यंत जळकी रेघ ओढत चाललंय. हे मला माहीत होतं, बोर्डातला लेझर मोड बंद असला की हेड नुसतं इकडून तिकडे जातानाही लेझर चालूच राहतो. लाइटबर्नच्या कन्सोलमध्ये, जिथून बोर्डाला थेट कमांड देता येते, लेझर मोड चालू करणारं डॉलर ३२ बरोबर १ ($32=1) टाइप केलं, एंटर मारलं, रेघा गेल्या. मला वाटलं झालं काम. इथेच चुकलो, कारण तेव्हाच डबल डॉलर ($$) टाकून बोर्डाच्या सेटिंगची सगळी लिस्ट वर-खाली वाचली असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

चार दिवस मखर कापले, एकदम व्यवस्थित, १०० टक्के पॉवर, एका पासमध्ये आरपार. फक्त तुकड्यांवर जे जोडणीचे नंबर मारतो, १५ टक्क्यावर, ते नेहमीपेक्षा खोल येत होते. पोरगा म्हणाला, "दादा, नंबर जास्तच गडद येतायत." मी म्हटलं बरंय की, लोकांना जोडताना दिसतील तरी.

पाचव्या दिवशी एक काकू आल्या, पिशवीत जुन्या सागवानाची फळी. त्यांच्या सासऱ्यांना ८१ वर्षं पूर्ण होणार, सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलंय, आणि फळीवर आजोबांचा त्यांच्या आईसोबतचा फोटो हवा होता. फळी कुठली तर २०१९ च्या पुरात नदीकाठचा त्यांचा वाडा पडला, त्याच्या दाराची. एका कडेला कडीचं भोकही तसंच होतं. म्हणाल्या, "एवढीच राहिलीय हो, बाकी सगळं गेलं."

आता असलं लाकूड हातात आल्यावर आधी भंगार तुकड्यावर ट्रायल घ्यायला पाहिजे होती. पण माझ्या वहीत सागवान-फोटोचं सेटिंग लिहिलेलं होतं, ३००० स्पीड, जास्तीत जास्त ३५ टक्के पॉवर, ग्रेस्केल म्हणजे फोटो जिथे गडद तिथे पॉवर जास्त, आणि त्या सेटिंगवर मी आधी कितीतरी फोटो केलेले, म्हणून सरळ फळीच लावली.

लाइटबर्न फोटो खालून वर काढत जातं. खाली आजोबांचा पांढरा सदरा आणि आईच्या लुगड्याचा फिका भाग होता, ते सुरेख आलं, मी शेजारी उभा राहून बघत होतो, आणि मान सुरू झाली तसं सगळं काळं पडायला लागलं. सावळं नाही, कोळसा. हनुवटीपर्यंत आलं तोवर धूर वाढला आणि मी स्टॉप दाबला. पोटात गोळा आला. ती फळी दुसरी मिळणार नव्हती.

मग सागवानाचे तुकडे काढून दोन तास नको ते करत बसलो, लेन्स पुसली, फोकस परत लावला, फोटोचा कॉन्ट्रास्ट कमी केला, पॉवर ३५ ची ३० केली, थोडं इकडे तिकडे व्हायचं पण गाल काळे ते काळेच. आणि मग पोराचं ते वाक्य आठवलं, नंबर गडद येतायत. १५ टक्क्याला गडद?

दहा चौकोन काढले, १० टक्क्यापासून १०० पर्यंत, स्पीड सगळ्यांना तेच. १० चा तपकिरी, २० चा बऱ्यापैकी गडद, आणि ३० पासून १०० पर्यंत आठही चौकोन अगदी सारखे. म्हणजे ३० च्या पुढे पॉवर बदलतच नव्हती.

डबल डॉलर टाकलं. डॉलर ३०, म्हणजे बोर्ड कुठल्या आकड्याला फुल्ल पॉवर धरतं ते सेटिंग, बरोबर २५५.

आणि लाइटबर्नमध्ये एस व्हॅल्यू मॅक्स, म्हणजे १०० टक्क्याला ते जो आकडा पाठवतं तो, होती १०००, जुन्या बोर्डासाठी ठेवलेली. लाइटबर्न टक्के पाठवत नाही, आकडा पाठवतं, ३५ टक्के म्हणजे ३५०. बोर्डाला मात्र २५५ म्हणजेच फुल्ल, त्यामुळे त्याच्यावरचा कुठलाही आकडा आला की ते फुल्लच मारणार. १५ टक्क्याचे १५० जायचे, ते २५५ पैकी जवळजवळ ५९ टक्के. आणि कटिंगला काहीच कळलं नाही, कारण कटिंगला मला फुल्लच हवी होती! चार दिवस मशीन चुकीचं चालत होतं आणि मखर एकदम बरोबर निघत होते.

डॉलर ३० बरोबर १००० केलं, परत चौकोन काढले, यावेळी फिक्यापासून गडदपर्यंत ओळीने चढत गेले. फोटोच्या लेयरला कॉन्स्टंट पॉवर बंद आहे ना तेही बघितलं, म्हणजे एम४ या कमांडवर चालतं आणि हेड हळू झालं की पॉवरही त्या प्रमाणात उतरते. कटिंगला मी एम३, म्हणजे कायम सारखी पॉवर, ठेवतो, नाहीतर कोपरे सुटत नाहीत.

सेटिंग सुटलं पण फळीचं काय. काकूंना फोन केला आणि काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. त्या जरा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "काही करता येईल का?" शेजारच्या सुतारमामांकडे फळी नेली. त्यांनी बोटाने दाबून बघितली, म्हणाले, "जळलंय ते वरवरच आहे रे, दोन एमएम काढतो, पण कडीच्या भोकाला हात लावत नाही." हातरंध्यानेच काढलं त्यांनी, मशीनवर घातली नाही. आतून जे सागवान निघालं ते इतकं ताजं दिसत होतं, वासही येत होता.

फळी दोन एमएमने पातळ झालेली म्हणून फोकस नव्याने लावला. आधी भंगारावर पूर्ण चेहरा काढून बघितला, मग फळी. दीड तासाच्या वर लागला, मी जागचा हललो नाही. सदरा, मान, हनुवटी, आणि मग आईच्या कपाळावरचं कुंकू वेगळं उठून दिसलं तेव्हा कुठे पाणी प्यायलो.

न्यायला आजोबा स्वतः आले काकूंबरोबर. फोटो बघितला, पण बोट आधी कडीच्या भोकात घातलं.