एसेक्सवरचा स्टुअर्ड

जहाज बुडाल्याची गोष्ट निघाली की लोक आधी कप्तानाचं नाव विचारतात. माझी सगळी नोकरी जहाजांच्या पँट्रीत आणि मेसमध्ये गेली, त्यामुळे मला आधी दिसतो तो स्टुअर्ड, म्हणजे जहाजावर खाण्यापिण्याचं आणि केबिनचं बघणारा माणूस. अमेरिकेच्या नँटकेट बेटावरून व्हेलच्या शिकारीला निघालेल्या ‘एसेक्स’वर विल्यम बाँड नावाचा कृष्णवर्णीय स्टुअर्ड होता. २० नोव्हेंबर १८२० रोजी भर पॅसिफिकमध्ये सुमारे ८५ फुटी स्पर्म व्हेलने जहाजाला दोनदा धडक दिली. जहाज कलंडायला दहाएक मिनिटं लागली. बाकीचे होडी सोडवत होते आणि हा गडी पाणी भरणाऱ्या केबिनमध्ये दोनदा उतरला. वर आणलं काय? कप्तानाची आणि पहिल्या मेटची (कप्तानाच्या हाताखालच्या अधिकाऱ्याची) पेटी, सूर्याची उंची मोजायचे दोन क्वाड्रंट आणि नौकानयनाची दोन पुस्तकं. होकायंत्रं मेट ओवेन चेसने उचलली, तीही दोनच.

होड्या मात्र तीन होत्या. एक संच कप्तान पोलार्डच्या होडीत, दुसरा चेसच्या. तिसऱ्या होडीला काहीच नाही, आणि बाँड बसला तिसऱ्या होडीत! जानेवारीच्या अखेरीस रात्रीच्या अंधारात ती होडी कप्तानाच्या होडीपासून चुकली. बाँडचा पुढे पत्ता लागला नाही. वीसपैकी आठ वाचले, त्यातले तिघे वाटेत लागलेल्या हेंडरसन बेटावर मागे राहिलेले.

पोलार्डला लोक दुर्दैवी म्हणतात. मी त्याला मऊ म्हणेन. बंदर सोडून दोन दिवस होताहेत तोच वादळाने दोन होड्या नेल्या. तो परत फिरू म्हणाला, मेट नको म्हणाले, गेला पुढे. जहाज बुडाल्यावर तो म्हणाला पश्चिमेची बेटं गाठू; मेट म्हणाले तिथे नरभक्षक असतात. हजारो मैलांचा वळसा घेऊन दक्षिण अमेरिकेकडे निघाले, आणि शेवटी आपल्याच मेलेल्या सोबत्यांना खायची पाळी आली.

बिस्किटांचा प्रकार तर माझ्या धंद्यातलाच. चेसच्या होडीतली काही बिस्किटं खाऱ्या पाण्यात भिजली. नासतील म्हणून त्यांनी तीच आधी खाल्ली. पँट्रीचा नियमच तो, जे आधी खराब होईल ते आधी संपवा. पण दिवसाला अर्धा पाइंट, म्हणजे साधारण पाव लिटर, पाणी मिळत असताना पोटात मीठ गेलं आणि तहानेने जीव कासावीस झाला.

आता लाइफबोटीत माणशी तीन लिटर पाणी ठेवावंच लागतं. केबिनच्या दारामागे कार्ड असतं, कुणी कुठल्या बोटीशी जायचं, हातात काय घ्यायचं. माझ्या कार्डावर घोंगड्या आणि जादा पाणी. ड्रिलला नवी पोरं हसायची, चीफ ऑफिसर मात्र घोंगड्या मोजून घ्यायचा.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा गोव्यात पेडण्याला आमची वीज काही दिवस गेली. पंप बंद, आईची औषधं माजघरातल्या कपाटात आणि त्याच्यासमोर कौलं फुटून पाणी. तेव्हापासून मे लागला की मी पावसाच्या बेगमीबरोबर यादी लावतो. औषधं दोन डब्यांत, एक खालच्या खोलीत, एक शेजारी चुलतभावाकडे. टॉर्च प्रत्येक खोलीत. विहिरीचा दोर आणि कळशी कुणी काढायची तेही लिहिलेलं, कारण गडबडीत सगळे एकाच गोष्टीला धावतात.

बायको म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून खारे बांगडे आणि सुकी सुंगटं घेऊन आली, यादी वाचली आणि म्हणाली, “औषधं काय ती दोन ठिकाणी ठेवा. सुकी मासळी एकाच बरणीत राहणार. दोन ठिकाणी मांजरापासून राखायला मी बसणार नाही.”