आधी देठ, मग पान

अळूचं पान काढायला घेतलं की बहुतेक जण आधी बदामासारखी कड काढतात आणि मग खालच्या खाचेत देठ जोडतात. पान तिथेच फसतं. अळूचा देठ कडेला जुळतच नाही. तो मागच्या बाजूने, खाचेच्या थोडा आत, पात्याला येऊन मिळतो. समोरून ती जागा लगेच सापडते, कारण मोठ्या शिरा तिथूनच फुटतात: एक टोकाकडे, दोन मागच्या पाळ्यांकडे.

आमच्या मोरीच्या पाण्यावर अळू माजलाय, त्यामुळे सध्या वहीभर तोच आहे. मी आधी तो सांधा एका ठिपक्याने ठरवते. मग देठाचा बाक आणि त्या तीन शिरा. मधली शीर कुठे वर उचलली जाते, कुठून खाली झुकते, हे बघण्यात माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. ती बरोबर वळली की पान हवेत तोललेलं दिसतं. कड सगळ्यात शेवटी. आडव्या शिरासुद्धा सजावट म्हणून काढायच्या नाहीत. पातं जिथे फुगतं तिथे त्याही फुगतात, म्हणून छाया न देता नुसत्या त्यांनी उठाव येतो. पान दुमडलं असेल तर झाकलेली कडसुद्धा आधी पुसट काढून घ्यावी, नाहीतर दुमडीच्या दोन्ही बाजू एकमेकींना जुळत नाहीत.

तुळस वेगळं शिकवते. तिची पानं समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोनात असते. म्हणजे एक जोडी डावी-उजवीकडे पसरलेली असेल, तर पुढच्या जोडीतलं एक पान थेट आपल्या अंगावर येतं. हेच पान सगळे टाळतात. त्याची रुंदी तेवढीच राहते, लांबी मात्र आखडते. कधी कधी ते लांबीपेक्षा रुंदच दिसतं. डोळ्याला खोटं वाटलं तरी तसंच काढावं. ते गाळलं की फांदी वहीत दाबून वाळवल्यासारखी सपाट होते.

आमच्या पुण्याजवळच्या दापोडीत कंपनी सरकारची वनस्पतींची बाग होती. तिथे बागेचे प्रमुख अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात झाडांची चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबराच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत. ती काढणाऱ्या इथल्या चित्रकाराचं नाव मात्र नोंदलेलं नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. झाड ओळखता यावं म्हणून काढायच्या चित्रात पान कुठून फुटतं, देठ कुठे जुळतो हे चुकून चालत नाही.

एकेरी लाल जास्वंदीला मी देठापासून मधल्या दांड्याच्या टोकापर्यंत एकच वाकती रेघ ओढते. पाकळ्यांचा नरसाळा त्या रेघेभोवती बसतो. फूल बाजूने दिसत असेल तर नरसाळ्याचं तोंड लंबगोल होतं आणि जवळच्या पाकळ्या आखूड दिसतात. पाचही पाकळ्या एकाच दिशेने एकमेकींवर चढलेल्या असतात. एकीची दिशा उलटली तर फूल विस्कटतं. हिरव्या वाटीखाली बारीक हिरव्या पट्ट्यांचा आणखी एक वेढा असतो, तो विसरू नये. फूल एका दिवसाचंच, म्हणून सकाळी रेघ, तोंड आणि पाकळ्यांचा क्रम उरकून घ्यावा. रंग दुसऱ्या दिवशीच्या फुलावरूनही भरता येतो.