घशातली चरबीची गाठ आणि घोरणं : माझा अनुभव

माझं वजन 62 किलो. तरी घोरण्याचा विषय निघाला की समोरचा माझ्या पोटाकडेच बघणार. घोरण्याचं एक वेळ सोडा, झोपेत श्वासच थांबायचा. बायको हलवून उठवायची. दिवसा ऑफिसात बसल्या बसल्या डोळा लागायचा.

स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेत केलेल्या तपासणीत, एएचआय 38 आला, म्हणजे तासाला 38 वेळा श्वास बंद किंवा अर्धवट. 30 च्या वर गेलं की तीव्र. सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र, भाड्याने आणलं, पण दाब वाढवूनही गुदमरायला व्हायचं. तेव्हा डॉक्टरांनी ईएनटीकडे पाठवलं.

नाकातून दुर्बीण घातली आणि स्क्रीनवर दिसलं, घशाची मागची भिंत फुगून पार जिभेच्या मुळाला टेकलेली. नुसतं ‘आ’ करून इतकं खालचं दिसत नाही. एमआरआयमध्ये गाठ पांढरीशुभ्र, आणि चरबी काळी दिसेल अशा पद्धतीने काढलेल्या फोटोंत तीच काळी. म्हणजे लायपोमा, चरबीची साधी गाठ. घसा आणि मणके यांच्यामधल्या सैल जागेत ती वर्षानुवर्षं वाढत राहते. दुखत नाही, म्हणून कळतही नाही.

ऑपरेशनपेक्षा भूल अवघड, असं आधीच सांगितलं होतं. आधी झोपवलं तर घसा सैल पडून गाठ श्वासाची वाट बंद करू शकते. म्हणून जागेपणीच नाकातून श्वासाची नळी घालायची. गळ्याला भोक पाडायची तयारीही शेजारी होती, त्याची वेगळी सही घेतली. औषधाचा फवारा कडूजहर. मग घसा इतका बधिर, की थुंकी गिळली की नाही तेही कळेना. भूलतज्ज्ञ मॅडम कानाशी सारख्या म्हणत होत्या, ‘‘दादा, मोठा श्वास घ्या, छान चाललंय.’’ नळी आत गेल्यावर मला झोपवलं.

गाठ तोंडातूनच काढली. काही दिवस नाकातल्या नळीने पातळ खाणं. बायोप्सीत साधी चरबीच निघाली; लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीचा कॅन्सर, नाही ना, हे त्यावरच पक्कं होतं.

विम्यावाल्यांनी मात्र ‘घोरण्याचे उपचार पॉलिसीत बसत नाहीत’ म्हणून क्लेम अडवला. घोरण्याचे कसले, गाठीचे! सर्जननी लेटरहेडवर तसं लिहून दिल्यावर पैसे सुटले. डिस्चार्ज कार्डावर गाठीचं नाव सगळ्यात वर लिहून घ्या.

तीन महिन्यांनी पुन्हा स्लीप स्टडी केली. एएचआय 6. मशीन परत केलं, डिपॉझिट अजून यायचंय.