आमची वाटचाल : सर्व्हर ठेवायचा कुठे?

२०१४ साली आम्ही तिघांनी एका भाड्याच्या सर्व्हरवर सुरुवात केली. छोट्या व्यवसायांच्या वेबसाइट आणि ऑर्डरचं सॉफ्टवेअर होस्ट करून द्यायचं, एवढाच धंदा. एकजण कोड लिहायचा, एकजण ग्राहक सांभाळायचा. बिलं, बॅकअप आणि रात्री तीनचे फोन माझ्या वाट्याला आले. सर्व्हर कोणत्या गावी ठेवायचा यावर आम्ही पाच मिनिटंसुद्धा घालवली नाहीत. यादीतल्या सगळ्यात स्वस्त ओळीवर मी टिचकी मारली, आणि ते फ्रँकफर्ट निघालं.

नशीब बलवत्तर म्हणायचं. १९९५ साली तीन इंटरनेट पुरवठादारांनी तिथे डीई-सिक्स हे एक्स्चेंज, म्हणजे नेटवर्कं एकमेकांना जोडायची जागा, उभं केलं, आणि आज जगातल्या सर्वांत मोठ्या एक्स्चेंजमध्ये त्याची गणना होते. युरोपातल्या अनेक नेटवर्कांना एकमेकांशी देवाणघेवाण करायला तिथे दारातच जागा मिळते. त्यामुळे आमचे युरोपातले ग्राहक खूश होते, आणि त्याचं श्रेय मी आमच्या कोडला देत होते.

सिंगापूरचा पहिला ग्राहक आला तेव्हा हा गैरसमज गेला. त्याचं पान उघडायला वेळ लागायचा. आम्ही चित्रं लहान केली, डेटाबेसच्या क्वेऱ्या सुधारल्या, सर्व्हरची मेमरी वाढवली. फरक पडेना. शेवटी कागद घेऊन हिशेब मांडला. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरला ५ मिलिसेकंद. फ्रँकफर्ट ते सिंगापूर सरळ रेषेत दहा हजार किलोमीटरच्या वर. जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद तर निसर्गानेच घेतले. केबल काही सरळ रेषेत जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात आम्हाला दीडशेच्या वर दिसायचे. त्यात पानाचं पहिलं अक्षर येण्याआधी टीसीपीची (जोडणी जुळवण्याची) एक फेरी, तेव्हाच्या टीएलएसच्या (ती जोडणी कुलूपबंद करण्याच्या) दोन आणि मागणीची एक. चार फेऱ्या, म्हणजे सहाशे मिलिसेकंद नुसत्या नमस्कार-चमत्कारात. मेमरी वाढवून हे कमी होणार कसं? (पुढे २०१८ मध्ये टीएलएस १.३ आलं आणि एक फेरी वाचली. आमच्या त्या वर्षातली सर्वांत मोठी सुधारणा आम्ही केलेलीच नव्हती.)

चित्रं आणि स्टायलशीट सीडीएनवर (ग्राहकाजवळच्या सर्व्हरवर प्रती ठेवणाऱ्या सेवेवर) टाकल्या, पण ऑर्डर तर डेटाबेसपर्यंत जायलाच हवी. म्हणून सिंगापुरात अर्ध्या रॅकची (सर्व्हर ठेवायच्या कपाटाची) जागा घेतली. सांगायला हरकत नाही, त्या निर्णयात थोडी हौसही होती. वेबसाइटवर दुसऱ्या शहराचं नाव लिहायला कोणाला आवडत नाही? पण वेळ साधली खरी. तिथे २०१९ पासून नव्या डेटा सेंटरना परवानगी देणं थांबवलं गेलं आणि २०२२ मध्ये ते निवडक अटींवर पुन्हा सुरू झालं. तेवढ्या काळात जागा वाढवायची म्हटली असती तर आमच्यासारख्यांना कोणी उभं केलं नसतं.

सिंगापूर घेतल्यावर जाकार्ताचे ग्राहक आपोआप खूश होतील असं मी धरून चालले होते. नऊशे किलोमीटरच्या आतबाहेरचं अंतर. पिंग (जाऊन-येऊन लागणारा वेळ) पंधरा मिलिसेकंदांच्या आसपास यायला हवा. बहुतेकांचा आलाही. एकाचा मात्र दोनशे तीस. मी त्याला वायफाय तपासायला सांगितलं (आपण सगळेच आधी हेच सांगतो), मग ट्रेसरूट (वाटेतल्या राउटरांची यादी) मागवला. राउटरांच्या नावांत बरेचदा शहराचा विमानतळ-कोड लपलेला असतो. ओळी वाचत खाली आले. जाकार्ता, जाकार्ता, मग एकदम 'लॅक्स'. लॉस एंजेलिस! त्याच्या इंटरनेट पुरवठादाराचं आणि आमच्या ट्रान्झिटवाल्याचं (आम्हाला बाकी इंटरनेटशी जोडणाऱ्या कंपनीचं) सिंगापुरात पीअरिंगच (थेट देवाणघेवाणच) नव्हतं, त्यामुळे शेजारच्या घरी द्यायचं पाकीट पॅसिफिक ओलांडून परत येत होतं. गंमत म्हणजे उत्तर सरळ जात होतं. आमच्या बाजूने ट्रेसरूट केला तर सगळं आलबेल. जाताना एक वाट आणि येताना दुसरी, हे पुस्तकात वाचलेलं होतं; अंगावर त्या दिवशी आलं. इलाज साधा होता. इमारतीतच असलेल्या एक्स्चेंजला क्रॉस कनेक्ट (इमारतीतल्या इमारतीत थेट केबल) टाकला, तो पुरवठादार तिथे होताच. दोन दिवसांत पिंग चौदावर.

तेव्हापासून कुठलीही जागा घेण्याआधी मी त्या इमारतीतला एक चाचणीचा आयपी पत्ता मागते आणि तो ग्राहकांकडून तपासून घेते. आपल्या टेबलावरून नाही. जो देत नाही त्याच्याशी पुढे बोलणं होत नाही.

आता माझी स्वतःची चूक. सिंगापूरचा रॅक लावायला मी स्वतः गेले होते. रॅकमध्ये मागे उभ्या दोन पॉवरपट्ट्या असतात, डावीकडे ए बाजू, उजवीकडे बी बाजू. दोन्हींचे यूपीएस वेगळे. आमच्या प्रत्येक सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय. ब्रोशरमध्ये टियर ३ लिहिलेलं. टियर ३ चा अर्थ असा, की कुठलंही एक यंत्र देखभालीसाठी बंद केलं तरी सर्व्हर चालू राहावेत. वर्षभर सगळं ठीक चाललं. मग मेल आला : अमुक रात्री ए बाजूचा पुरवठा देखभालीसाठी बंद राहील, दोन्ही बाजू जोडलेल्यांना काही त्रास नाही. मी तो वाचून मिटवला. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी डेटाबेसचा सर्व्हर गेला. तिकीट टाकलं, रिमोट हॅण्ड्सच्या (डेटा सेंटरमध्ये आपल्या वतीने काम करणाऱ्या) माणसाने फोटो पाठवला. सगळ्या सर्व्हरच्या वायरी दोन बाजूंना गेलेल्या, आणि नेमक्या त्या एकाच्या दोन्ही काळ्या वायरी डाव्या पट्टीत, शेजारी शेजारी. मीच लावलेल्या. बहुधा उजवीकडची वायर आखूड पडली असेल आणि "नंतर बदलू" म्हटलं असेन.

आता आमच्याकडे ए साठी लाल वायर आणि बी साठी निळी. एका पट्टीवरचा भार निम्म्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, कारण एक गेली की दुसरीला सगळं पेलावं लागतं. अपटाइमच्या (सर्व्हर चालू राहण्याच्या) टक्क्यांबद्दल तर मला आता फार बोलावंसं वाटत नाही. टियर ३ च्या नावाने ९९.९८२ टक्के हा आकडा बाजारात फिरतो, म्हणजे वर्षाला साधारण ९५ मिनिटं बंद. आमची त्या एका रात्रीत ७० गेली, आणि त्यात इमारतीचा काही दोष नव्हता. एक मात्र विचारून घ्यावं. टियर ठरवणाऱ्या अपटाइम इन्स्टिट्यूटचं प्रमाणपत्र आराखड्याला आहे की बांधून उभ्या असलेल्या इमारतीला? दोन्ही वेगवेगळी मिळतात, आणि ब्रोशरमध्ये नुसतं टियर ३ लिहिलेलं असतं.

१० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गमध्ये एका डेटा सेंटरला आग लागली. पाच मजली इमारत जळाली, शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला. आमचं तिथे काही नव्हतं. पण ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते त्यांचे हाल वाचले आणि मी आमची यादी उघडली. फ्रँकफर्टचा बॅकअप कुठे? फ्रँकफर्टमध्येच, त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. याला बॅकअप म्हणणं धाडसाचं होतं.

दुसरी जागा शोधताना प्रश्न उलटा झाला. आता जवळ काय आहे हे बघायचं नव्हतं. पहिल्या जागेशी काय सामाईक नाही ते बघायचं होतं. अ‍ॅमस्टरडॅम जवळ होतं, पण वीज युरोपच्या त्याच जोडलेल्या ग्रिडची. हेलसिंकी वेगळ्या, नॉर्डिक ग्रिडवर, हवा थंड, आणि पिंग पंचवीसच्या आसपास. लाइव्ह डेटाबेसची क्षणाक्षणाला जुळणारी प्रत ठेवायला एवढं अंतर जड जातं, कारण प्रत्येक नोंदीला तेवढं थांबावं लागेल. पण काही सेकंद मागे चालणारी प्रत आणि रात्रीचा बॅकअप यांना ते चालतं. ते काही सेकंद आम्ही गमवायला तयार आहोत, हे ग्राहकांना करारात लिहून दिलं. एकाने भांडण काढलं, बाकीच्यांनी सही केली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये हेलसिंकी आणि रोस्टॉकला जोडणारी सी-लायन १ ही बाल्टिकमधली केबल तुटली. आमची वाहतूक स्वीडनमार्गे वळली, पिंग थोडा वाढला, बॅकअप नेहमीपेक्षा उशिरा संपला. कोणाला कळलंही नाही. त्याच वर्षी आधी तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या तेव्हा मात्र फ्रँकफर्ट-सिंगापूर दुवा लंगडला होता. दोन कंपन्यांकडून ट्रान्झिट घेतल्याचा मला अभिमान होता. बिलं दोन, लोगो दोन, आणि पाणी एकच.

कायद्याचं थोडक्यात. जीडीपीआर हा युरोपचा डेटा-संरक्षण कायदा २५ मे २०१८ ला लागू झाला आणि ग्राहक "माझा डेटा कुठे आहे?" विचारू लागले. जुलै २०२० मध्ये युरोपीय न्यायालयाने युरोपातला डेटा अमेरिकेत पाठवू देणारी प्रायव्हसी शील्ड व्यवस्था रद्द केली, तेव्हा प्रश्न "इमारतीची मालकी कोणाची?" इथपर्यंत गेला. तो रास्तच आहे. अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड कायद्यानुसार अमेरिकी कंपनीला परदेशात ठेवलेला डेटाही द्यायला सांगता येतो. नुसतं गावाचं नाव सांगून भागत नाही. लॉग (सर्व्हरच्या कामाच्या नोंदी) कुठे जातात, बॅकअप कुठे जातो, हेही सांगावं लागतं. आमचे लॉग तेव्हा तिसऱ्याच देशात जात होते, ते आणायला दीड महिना गेला.

सध्या आशियातल्या दुसऱ्या जागेची बोलणी चालू आहेत. जनरेटर कुठे आहे हे विचारलं, उत्तर आलं, गच्चीवर. मग त्याला डिझेल चढवणारा पंप कुठे आहे, हेही विचारलं. २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या एका इमारतीत जनरेटर वरच्या मजल्यावर होता, पण तळघरात पाणी शिरलं आणि इंधन वर जाईना. माणसांनी जिन्याने बादल्यांतून डिझेल वाहिलं. इथला पंप पहिल्या मजल्यावर आहे, फोटोसकट उत्तर आलं. दरही बरा आहे. फायबर इमारतीत किती बाजूंनी शिरतं आणि बाहेर रस्त्यात ते एकाच चरातून तर जात नाही ना, हा प्रश्न विचारून तीन आठवडे झाले. विक्रीवाल्याचे रोज फोन येतात, करार तयार आहे म्हणून. मी त्याला रोज तोच प्रश्न पुन्हा पाठवते.