कसारा घाट आणि बाराशेला तीन कमी

"अगं, हजार सीसीच्या आतलं इंजिन घेऊन कसारा चढणार तू?" नवी गाडी म्हणून छोट्या इंजिनाची ह्युंदाई व्हेन्यू घ्यायची म्हटल्यावर दादा फोनवर एवढंच बोलला आणि माझा हिरमोड झाला. याच घाटात मे महिन्यात आमच्या जुन्या गाडीने लाज काढली होती. पाच माणसं, डिकीत आईसाठी हापूसच्या दोन पेट्या. एसी बंद केला तरी गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जाईना, आणि मागचा ट्रकवाला हॉर्नवरचा हात काढेना.

मी गणित शिकवते. त्यामुळे व्हेन्यूचे आकडे घेऊन रात्री जेवणाच्या टेबलावरच बसले. पेट्रोलची दोन इंजिनं: एक ११९७ सीसीचं, एक ९९८ चं.

सीसी म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांचं घन सेंटिमीटरमधलं घनफळ, दहावीच्या वृत्तचितीचं, दुसरं काही नाही. बोअर ७१ मिलिमीटर, म्हणजे व्यास. स्ट्रोक ७५.६, म्हणजे उंची. चार सिलिंडर. गुणाकार केला, बरोब्बर ११९७ आले. दुसऱ्यात बोअर तोच, स्ट्रोक ८४, सिलिंडर तीन: ९९८. (बाराशेला तीनच कमी का, तर चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाडीचं इंजिन १२०० सीसीच्या पुढे गेलं की जीएसटी १८ टक्क्यांवरून ४० वर जातो.)

मग मोठ्या इंजिनाची ताकद ८३ पीएस (म्हणजे अश्वशक्ती) आणि धाकट्याची १२० कशी? टर्बोमुळे. सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं, ते सिलिंडरमध्ये हवा कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त जाळता येतं.

पण पीएसवर मी फार वेळ घालवला नाही. दोन्ही आकडे ६००० आरपीएमचे आहेत, आणि ठाण्याच्या घोडबंदर रोडवर इंजिनाचे मिनिटाला सहा हजार फेरे करायची संधी मला या जन्मात मिळणार नाही. मी पाहिला टॉर्क, म्हणजे इंजिनाचा चाक फिरवायचा जोर, आणि त्यापुढचं बारीक अक्षर. मोठ्याचा ११४ न्यूटन मीटर, तोही ४००० आरपीएमला. धाकट्याचा १७२, आणि तो १५०० पासून ४००० पर्यंत सलग!

टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७०२४, की पीएस मिळतात. घाटात मी दोन हजारांच्या आसपास असते. तिथे टर्बोचे ४९ पीएस. दुसऱ्याला तिथे पूर्ण ११४ मिळतात असं उदारपणे धरलं तरी साडेबत्तीस.

दादाला हिशोबाचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर: "आणि कापूरबावडीला?" म्हणजे ठाण्यातल्या त्या ट्रॅफिकच्या चौकात. मुद्दा खरा होता. पंधराशेच्या खाली टर्बो पेंगतो, आणि संध्याकाळी सहानंतर कापूरबावडीला सगळे पंधराशेच्या खालीच असतात. शिवाय टर्बोची किंमत जास्त. शाळा ते घर या रोजच्या रडारडीसाठी ११९७ पुरेसं आहे, हे मलाही मान्य.

रविवारी दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या. सपाट रस्त्यावर नको म्हटलं; उपवनवरून येऊरच्या चढाला नेल्या, एसी लावून, घरची सगळी माणसं कोंबून. ११९७ वालीला वळणावर दुसरा गिअर टाकावा लागला आणि ती तक्रार करतच वर आली. टर्बो त्याच वळणावर तिसऱ्यात चढली. यांना विचारलं, "काही फरक जाणवला?" हे मागे वळून डिकीकडे बघत होते. म्हणाले, "पेट्या तीन बसतील."


टर्बो बुक केली.